शिवलेला चार

आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आलेला पाहुणा चपला ठेवायला वाकला की क्षणभर थबकतो. कपाट कोमट लागतं, आतून घरघर ऐकू येते आणि माझ्या कोल्हापुरी चपलांच्या मागे एक हिरवा दिवा लुकलुकत असतो. बहुतेक जण काही न बोलता आत येऊन बसतात. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र एकदा हळू आवाजात विचारलं होतं, उंदीर झालेत का म्हणून. मी मान ताठ करून म्हणाले, "काकू, सर्व्हर आहे." तेव्हापासून काकू चपला बाहेर काढतात.

हा सर्व्हर म्हणजे माझा जुना लॅपटॉप. बिजागरी मोडलेली, बॅटरी मेलेली, स्पेसबार कुठे गेला ते त्यालाच माहीत. इंटरनेटचा डबा दाराशी आहे म्हणून त्याची वस्ती चपलांत. नवऱ्याला ते पहिल्यापासून पटलेलं नाही. त्याचं म्हणणं असं की घरातला देव फ्रीजशेजारी आणि सर्व्हर चपलांत, हा कुठला संसार. मी त्याला सांगितलं की दोघांनाही अडचण झालेली मला तरी कळलेली नाही.

या लॅपटॉपची जन्मकथा सांगायची तर आधी माझा एक दुर्गुण कबूल करावा लागेल. मला काही पुसवत नाही. पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्या पंचवीस वर्षांच्या सगळ्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे आहेत. प्रत्येक सहलीचे फोटो आहेत, त्यात डोळे मिटलेल्या मुलांचे वेगळे. एका थालीपिठाचे अकरा फोटो आहेत, अकराही हललेले. इंटरनेटवरच्या कंपन्या आपलं सामान ठेवायला थोडीशी जागा फुकट देतात आणि ती भरली की गोड शब्दांत पैसे मागतात. मी पैसे द्यायच्या ऐवजी नवं खातं उघडायचे. एक भरलं की दुसरं, या कंपनीकडे भरलं की त्या कंपनीकडे. असं करत करत चार कंपन्यांकडे मिळून माझी सात बिऱ्हाडं झाली.

सात बिऱ्हाडं करणाऱ्या माणसाचं जे होतं ते माझं झालं. कुठल्या घरी काय ठेवलंय ते आठवेना. नवऱ्याचा पासपोर्ट हवा असेल तर मी आधी सहलीत शोधायचे, मग थालीपिठात, आणि तो सापडायचा नववीच्या सहामाहीत.

मग मला कळलं की यावर औषध आहे. एक फुकटचं सॉफ्टवेअर असतं. ते कुठल्या कंपनीच्या दारात नाही, आपल्याच घरच्या मशीनवर बसवायचं. एकदा प्रत्येक खात्याचा पासवर्ड देऊन ओळख करून दिली की ते सगळ्या बिऱ्हाडांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरतं. एका पडद्यावर सातही घरं दिसतात. इकडची फाइल तिकडे न्या, सगळीकडे एकदम शोधा, पुन्हा पासवर्ड विचारणार नाही. मी ते व्हिडिओ बघून शिकले. शिकवणाऱ्याचा चेहरा कधीच दिसला नाही. पडद्यावर फक्त त्याचा बाण फिरायचा आणि तो दर वाक्याला एक उसासा टाकायचा. तीन आठवडे मी त्या बाणाच्या मागे होते. ज्या दिवशी सातही बिऱ्हाडं एका पडद्यावर उभी राहिली, त्या दिवशी मी नवऱ्याला ओढत आणून कपाटासमोर उभं केलं. सोसायटीच्या गणपतीत सूत्रसंचालन मीच करते, तेव्हा दोन शब्द बोलल्याशिवाय राहवेना. बोलून झाल्यावर त्याने एकच विचारलं, "हे बिघडलं तर कोणाला बोलवायचं?"

"मला."

"बरं," तो म्हणाला, आणि कपाटातले आपले बूट काढून घेऊन गेला.

आता माझा भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, दिंडोरीला द्राक्षं करतो. दोन प्लॉट आहेत, एक रस्त्यालगतचा आणि एक विहिरीवरचा. रस्त्यालगतच्या प्लॉटमधली जुनी बाग त्याने चार वर्षांपूर्वी सगळ्यांचा विरोध पत्करून काढली आणि नव्या जातीची लावली. यंदा तो प्लॉट पहिल्यांदाच परदेशी जाणार होता. माल घेणारी कंपनी ठरली होती. पण परदेशी जाणाऱ्या द्राक्षाचं एक असतं, की त्याच्याबरोबर त्याचं चरित्रही लागतं. कोणत्या दिवशी कोणतं औषध फवारलं, किती फवारलं, शेवटचं कधी थांबवलं, हे सगळं वहीत लिहिलेलं असावं लागतं. वही पूर्ण नसेल तर बाग कितीही गोड असो, कंपनीचा माणूस पुढच्या बांधावर जातो.

आणि ही वही तारखेवर चालत नाही. द्राक्षवाल्यांचं पंचांग निराळं आहे. छाटणी झाली की मोजायला सुरुवात करायची, आणि तिथून पुढे जग त्या आकड्यावर चालतं. एका लग्नात कोणीतरी माझ्या भावाला सहज विचारलं, आज तारीख काय, तर तो म्हणाला, "त्र्याहत्तर." त्याच्या स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस तो 'घड औषधात बुडवायच्या आदल्या दिवशी' असा लक्षात ठेवतो, आणि छाटणी लांबली त्या वर्षी विसरला होता.

मागच्या वर्षी त्याचा मोबाइल ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा मी त्याला सल्ला दिला. सल्ले मी फुकट देते, ते घेणाऱ्याला पुढे महाग पडतात. मी म्हणाले, वहीचं पान लिहून झालं की त्याचा फोटो काढ आणि माझ्याकडे पाठव. मी सांभाळते. माझा स्वतःचा सर्व्हर आहे. त्याच्या मोबाइलवर मी तशी सोय करून दिली. पाचव्या बिऱ्हाडात थोडी जागा होती, तिथे रस्त्यालगतच्या प्लॉटचं फोल्डर केलं; ते भरत आलेलं म्हणून विहिरीवरच्याचं सहाव्यात केलं. फोटोला नाव दे, असंही बजावलं. तो शहाण्या मुलासारखा नाव द्यायला लागला. नाव म्हणजे दिवस. १, ४, ८, १२, आणि असंच पुढे. मी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. एवढी शिस्त माझ्या दहावीच्या वर्गातसुद्धा कधी दिसली नव्हती. भाऊबीजेला परतभेट म्हणून मी त्याला जेल पेनांचा डबा दिला, अक्षर सुंदर दिसावं म्हणून, आणि फोटो पोचले की मोबाइलमधून पुसून टाकत जा, जागा अडवतात, हेही शिकवून ठेवलं. मी स्वतः काही पुसत नाही, पण दुसऱ्याला पुसायला लावण्यात वेगळाच आनंद असतो.

आता किंक्रांत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नवं काही सुरू करू नये, असं सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच बजावलं होतं. तेव्हापासून मी त्या दिवशी मुद्दाम काहीतरी सुरू करते. यंदा मी ठरवलं की सातही बिऱ्हाडं आवरायची. एका विषयाचं सामान एका जागी आणायचं. सकाळी तिळाच्या वड्या तोंडात टाकत मी चपलांच्या कपाटासमोर स्टूल मांडून बसले आणि हुकूम सोडला: जिथे जिथे द्राक्षं असतील, तिथून उचला आणि एका फोल्डरात ठेवा.

मशीनने अदबीने विचारलं, एकाच नावाच्या दोन फाइली भेटल्या तर काय करू? दोन्ही ठेवू, जुनी ठेवू, की नवी ठेवू?

मी एका क्षणात सांगितलं, नवी. प्रश्नपत्रिकेची जुनी प्रत ठेवून कोणाचं भलं झालंय?

सहली, सहामाह्या, थालीपिठंही तशीच हलवली. पाच मिनिटांत काम फत्ते. मग मी झपाटल्यासारखी प्रत्येक कंपनीच्या दारात गेले आणि कचऱ्याच्या पेट्या रिकाम्या केल्या. त्या पेट्या मशीनला दिसत नाहीत, त्या ज्याच्या त्याच्या घरी असतात, आणि तिथे शिरायला पासवर्ड लागतो. सहा ठिकाणी शिरले. पाचव्याचा पासवर्ड आठवेना. मशीनकडे किल्ली होती, माझ्याकडे नव्हती. मी म्हटलं, राहू दे एकाचा कचरा, आणि उठले. सगळं घर धुऊन काढल्यासारखं वाटत होतं. नवऱ्याला बोलवून आणखी दोन शब्द बोलले.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी भावाचा फोन आला. आवाजात हसू होतं. म्हणाला, वही शेततळ्यात पडली. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवली होती, वळताना सरकली आणि तळ्याच्या प्लास्टिकवरून घसरगुंडी खेळत गेली. काढेपर्यंत सगळं शाईचं पाणी झालं होतं. जेल पेनाची शाई पाण्यात किती सुंदर पसरते ते त्याने मला सविस्तर सांगितलं. मग म्हणाला, उद्या सकाळी कंपनीचा माणूस येणार आहे, रस्त्यालगतचा माल भरलाय, साखर चढलीय, परवापासून तोडणी. तेवढी पानं पाठव.

"एवढंच ना? कोणतं पान हवंय?"

"सगळीच. पण आधी पंचेचाळिसाव्याचं टाक, बघतो दिसतं कसं."

मी पंचेचाळीस टाकलं. मिनिटभराने पुन्हा फोन.

"ताई, हा विहिरीवरचा पंचेचाळीस हे."

"अरे, तू पंचेचाळीस मागितलास, मी पंचेचाळीस दिला."

"कोणत्या प्लॉटचा?"

मी फोल्डर पुन्हा उघडलं. दोन प्लॉट. दोघांची छाटणी वेगवेगळ्या दिवशी, वीस दिवसांच्या अंतराने. फवारणीचं वेळापत्रक मात्र दिवसांच्या आकड्यावर, म्हणजे दोन्हीकडे सारखंच. इकडेही १, ४, ८, १२ आणि तिकडेही १, ४, ८, १२. प्रत्येक आकडा दोनदा. आणि विहिरीवरचा प्लॉट वीस दिवस मागे असल्यामुळे त्याचा प्रत्येक फोटो नंतरचा. नवी ठेव, असं मी म्हणाले होते. मशीनने इमानाने प्रत्येक आकड्याला विहीर ठेवली होती आणि रस्ता उचलून टाकला होता. संक्रांतीनंतर आलेली पानं जागच्या जागी होती, कारण मी पुन्हा झाडू फिरवला नव्हता. रस्त्याची काही मधली पानं, ज्या आकड्यापर्यंत विहीर तेव्हा पोचलीच नव्हती, तीही वाचली होती. पण छाटणीपासून पंच्याऐंशीव्या दिवसापर्यंत रस्त्यालगतच्या प्लॉटचं एक पान शिल्लक नव्हतं.

बॅकअप होता. मी काही अगदीच अडाणी नाही. पण माझा बॅकअप रोज पहाटे मुख्य फोल्डरकडे बघून हुबेहूब तसाच व्हायचा. चूकही त्याने त्याच निष्ठेने उतरवून घेतली होती.

मी भावाला सगळं सांगितलं. सांगताना थोडा अभिनय करायचा प्रयत्न केला, पण पलीकडून काहीच येईना, तेव्हा सोडून दिला. मागे पक्षी हाकलायच्या डब्याचा आवाज येत होता.

मग म्हणाला, "वही पडली तवा मी हसत होतो. गडी घाबरले, मी म्हणलं काय नाय, ताईकडं हे."

त्याने मला लहानपणापासून पुष्कळ टोमणे मारलेत. हा टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला.

नवरा बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभा होता. त्याने मोबाइल माझ्या हातातून घेतला, स्पीकरवर टाकला, चपलांच्या कपाटावर ठेवला आणि भावाला म्हणाला, "तू लाइनवर राहा." मग माझ्याकडे वळला. "तो एकाचा कचरा राहिला होता ना? तू म्हणालीस तेव्हा. मोठं भाषण केलं होतंस."

माझा नवरा माझी भाषणं ऐकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पाचवं बिऱ्हाड. रस्त्यालगतचा प्लॉट तिथेच तर होता. मशीनने तिथून फाइली उचलल्या म्हणजे त्या तिथल्याच कचऱ्यात गेल्या, आणि तिथला कचरा मी काढू शकले नव्हते. तीस दिवस तो तसाच राहतो, मग कंपनी स्वतः काढते. मी बोटं मोजली. तीन दिवस उरले होते. पण आत शिरायचं कसं? कंपनीच्या दारात जाऊन 'पासवर्ड विसरले' असं सांगितलं. कंपनी म्हणाली, काही हरकत नाही, तुमच्या मोबाइलवर सहा आकडी नंबर पाठवतो, तो इथे भरा. आणि मोबाइल नंबराचे शेवटचे दोन आकडे दाखवले.

ते आकडे माझे नव्हते. म्हणजे एके काळी माझे होते. तो माझा जुना नंबर. नवा घेतला तेव्हा जुनं कार्ड वाया कशाला घालवा म्हणून एका बटणांच्या मोबाइलमध्ये घालून मी तो कळवणला सासूबाईंना दिला होता.

सासूबाई धाकट्या दिरांकडे असतात. दीर-जाऊ दुपारी मळ्यात, घरी त्या एकट्या. त्यांना मोबाइलमधली दोन बटणं माहीत आहेत. हिरवं घ्यायचं, लाल ठेवायचं. स्वतःहून फोन करायची त्यांना गरज पडत नाही, कारण त्यांचं म्हणणं असं की ज्याला काम आहे तो करेल. बोलणं निम्मं मराठी, निम्मं अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणणारं, आणि किंक्रांतीचा नियम घालून देणाऱ्या त्याच.

मी नवऱ्याच्या मोबाइलवरून, तोही स्पीकरवर टाकून, फोन लावला. मेसेज येईल, मधलं बटण दाबा, सहा आकडे दिसतील, ते बघून ठेवा, मी परत फोन करते, असं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. चौथी पास आहेत, पावकी-निमकीसकट सगळे पाढे अजून पाठ. सहा आकडे त्यांना काय जड. पाच मिनिटांनी फोन केला तर हिरवं बटण दाबल्या दाबल्या, मी काही म्हणायच्या आत, त्यांनी पाढ्याच्या चालीत सुरू केलं, "एक, चार, पाच, दोन, शून्य, तीन."

भरले. कंपनी म्हणाली, चूक.

मला वाटलं उशीर झाला. नवा नंबर मागवला. फोन ठेवा, बघा, परत करते. "पाच, पाच, एक, शून्य, चार, दोन." भरले. चूक. आता कंपनीचा सूर बदलला. आणखी एकदा चुकलात तर चोवीस तास थांबावं लागेल.

चोवीस तासांत कंपनीचा, म्हणजे द्राक्षाच्या कंपनीचा, माणूस येऊन जाणार होता.

कपाटावरून भावाचा आवाज आला, "ताई, म्हातारी बरोबर सांगती ना?" मी त्याला गप्प केलं. सासूबाईंचा पाढा चुकत नाही. मग माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं, की मोबाइल दुसऱ्याच कोणाचा मेसेज दाखवतोय, की त्या जुनाच वाचतायत. नवरा म्हणाला, शांतपणे विचार, घाई करू नको. त्याच्या आईशी शांतपणे बोलायचा सल्ला तो तीस वर्षं देतोय.

तिसऱ्यांदा नंबर मागवला. देवाचं नाव घ्यावंसं वाटलं, पण देव फ्रीजपाशी होता आणि मी चपलांत. फोन लावला.

"दोन, एक, तीन, चार, शून्य," सासूबाई म्हणाल्या, "आणि शेवटी कुदळ."

"काय?"

"कुदळ शे. शेवटला. मला वाटलं तुला माहीत असेल."

मी डोळे मिटले. कुदळ. वर आडवं पातं, खाली तिरका दांडा. सात. इंग्रजी सात.

आणि मग एकदम सगळं उलगडलं. मेसेज इंग्रजी आकड्यांत होता. सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या त्या मराठी शाळेत. भिंतीवरची दिनदर्शिका मराठी, पाढे मराठी. जो आकडा ओळखीचा दिसला तो त्यांनी ओळखीचा वाचला. इंग्रजी नऊ हा आपल्या एकासारखा दिसतो. इंग्रजी चार आपल्या पाचासारखा. आणि आठ आपल्या चारासारखा. सात कोणासारखाच दिसत नाही, म्हणून तो कुदळ झाला.

"आई," मी म्हणाले, "तो चार कसा आहे? वरून उघडा आहे की बंद?"

त्या जरा थांबल्या. आठवत होत्या. "बंद शे. आपला चार वरून उघडा. हा शिवलेला चार शे."

"आणि एक? काठीसारखा आहे का?"

"काठी असती तर काठीच सांगितलं असतं. डोकं गोल शे, आपला एकच."

दोन, नऊ, तीन, आठ, शून्य, सात. मी एकेक आकडा बोलत भरला. कपाटावरच्या मोबाइलमध्ये दिंडोरीचे पक्षीसुद्धा गप्प झाल्यासारखे वाटले. मग पाचव्या बिऱ्हाडाचं दार उघडलं. नवा पासवर्ड द्या, म्हणाले, तो दिला. पेटी उघडली. आत नववीची सहामाही, मिटलेले डोळे, अकरापैकी चार थालीपिठं, आणि त्यांच्याखाली ओळीने १, ४, ८, १२. मी पंचेचाळीस उघडला. पानाच्या डोक्यावर जेल पेनाने सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: रस्ता.

"आहे," मी म्हणाले.

कपाटावरून भावाने नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "थंडी लय हे इकडं." फेब्रुवारीतल्या दुपारी तीन वाजता.

सासूबाई अजून दुसऱ्या फोनवर होत्या. त्यांनी विचारलं, झालं का काम, की अजून एक आणू? मी म्हणाले, झालं. मग त्यांनी विचारलं, हे सगळं कशामुळं झालं. मी खरं बोलणार होते. पण त्यात किंक्रांत आली असती. मी म्हणाले, कंपनीची चूक. नवरा माझ्याकडे बघून आत निघून गेला, आणि हसताना त्याचे खांदे हलतात ते मला पाठमोरेही दिसतात.

संध्याकाळच्या आत सगळी पानं छापून झाली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः फाइल घेऊन दिंडोरीला गेले, कारण भावाने स्पष्टच सांगितलं होतं की इंटरनेटवरून काही पाठवू नको. कंपनीचा माणूस मितभाषी निघाला. त्याने मणी चाखला, दुर्बिणीसारख्या नळीतून साखर बघितली, मग बांधावर बसून पानं चाळली. मी शेजारी उभी राहून पानं कशी वाचवली ते सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, "मॅडम, मला फक्त शेवटची चार पानं बघायची होती." आणि सही करून गेला. शेवटची चार पानं संक्रांतीनंतरची. ती कुठेच गेली नव्हती.

भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. मग दोघंही बांधावर खाली बसलो आणि गडी काम थांबवून बघायला लागेपर्यंत हसलो.

तोडणीची पहिली पेटी मला मिळेल असं मला वाटलं होतं. ती कळवणला गेली. मला ती शेततळ्यातली वही मिळाली, वाळवून, निळी-जांभळी, पानं एकमेकांना चिकटलेली. तुझा बॅकअप, असं तो म्हणाला.

मी आता शहाणी झालेय. एकाच नावाच्या दोन फाइली भेटल्या तर मशीन विचारतं, आणि मी दोन्ही ठेवते. त्यामुळे थालीपिठं बावीस झाली. पाचव्या बिऱ्हाडाचा मोबाइल नंबर मात्र मी बदललेला नाही. सासूबाईंनी बदलू दिला नाही. त्यांना आता कसलाही मेसेज आला की त्या जावेला फोन लावायला लावतात. परवाच त्यांनी मला कुठल्याशा विम्याच्या जाहिरातीतले दहा आकडे पाढ्याच्या चालीत म्हणून दाखवले. त्यात दोन कुदळी होत्या.

भावालाही मी बजावलं होतं की यापुढे फोटोच्या नावात प्लॉटचं नाव घालायचं, म्हणजे घोळ होणार नाही. नव्या हंगामात रस्त्यालगतची छाटणी झाली आणि फोटो यायला लागले. रस्ता १ आला, रस्ता ४ आला. आठव्या दिवसाचा फोटो आला तेव्हा मी कपाटासमोर स्टुलावर बसले होते. फाइलचं नाव होतं: 'रस्ता शिवलेला चार'.

मशीनला तो क्रमाने कुठे लावायचा ते कळलं नाही. त्याने तो सगळ्यांच्या शेवटी नेऊन ठेवला. मी तो तिथेच राहू दिला.